नवी पालिका इमारत आणि नवं नाट्यगृह: बांधायला निधी मिळेल, पण चालवायचं कशावर?

नदीवेस

नमस्कार मंडळी. विषय माझ्या गावाचा आहे, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावात हेच चाललं असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव कृष्णाकाठचं. ब वर्ग नगरपालिका, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीच्या टप्प्यातली. नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एकाला दोष द्यायचा नाही. इतकी वर्षं प्रशासकाचा कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, नवे नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले. आता दोन मोठ्या कामांची चर्चा आहे: पालिकेची नवी प्रशासकीय इमारत आणि सातशे खुर्च्यांचं वातानुकूलित नाट्यगृह. दोन्हींचे प्रस्ताव राज्याच्या योजनांतून निधीसाठी जाणार आहेत.

पालिकेची जुनी इमारत दगडी आहे, जिना सागवानी. वर सभागृह, खाली कर विभाग, जन्म-मृत्यू नोंदणी आणि दप्तरखाना. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी दप्तरखान्यात शिरलं. नोंदवह्या भिजल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जणी मदतीला गेलो. शाळेचे वर्ग रिकामे करून बाकांवर वह्या उघड्या ठेवल्या, दोन पानांत एक वर्तमानपत्राचा कागद, वरून पंखा. अशी आठ दिवस पानं उलटत बसलो. एका वहीत माझ्या आजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली. शाई पसरली होती, आडनाव तेवढं वाचता येत होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा वह्या आधीच वर हलवल्या होत्या.

तेव्हा नवी इमारत नको असं मी म्हणूच शकत नाही. मला धास्ती वेगळीच आहे. गावात याआधी निधीतून दोन वास्तू झाल्या. भाजी मंडईचे ओटे रिकामे आहेत आणि भाजीवाल्या बाहेर रस्त्यावर बसतात. सांस्कृतिक भवनाला उद्घाटनाच्या वर्षी रंग लागला तो शेवटचा. वीज तोडली आहे आणि मागच्या खिडकीतून पोरं आत जातात. बांधायला कोट्यवधी मिळाले, झाडायला माणूस मिळाला नाही.

ज्यांनी पालिकेत काम केलंय, हिशेब पाहिलेत, अशा इमारती वापरल्यात, त्यांनी लिहा. निधी येतो कसा, अडतो कुठे, आणि आपण नागरिकांनी कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं?

जुना ओव्हरसिअर

ताई, मी तीन नगरपालिकांत बांधकाम विभागात होतो, आता निवृत्त आहे. पुस्तकातला क्रम असा: आधी जागा, मग गरज, मग नकाशा, मग राज्य दरसूचीवरून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. प्रत्यक्षात माझ्या नोकरीत बहुतेक वेळा आधी आकडा आला. शासन निर्णयात कामाचं नाव आणि पुढे रक्कम. मग त्या रकमेत इमारत बसवायची. बसली नाही की अंदाजपत्रकातून काय काय गळतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं दुखणं तिथेच आहे: फर्निचर, विजेचा ट्रान्सफॉर्मर, अग्निशमनाची टाकी, आवारभिंत, पोचरस्ता, लिफ्ट. हे 'टप्पा दोन' मध्ये जातं. टप्पा दोनला निधी कधी येईल ते कुणाच्याच हातात नसतं. सांगाडा उभा राहतो, प्लास्टर होतं, कुलूप लागतं.

दुसरं, वेळ. १८ जुलै २०२२ पासून पालिकेच्या बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. दहा कोटींच्या कामात हे एका फटक्यात साठ लाख. आधीच्या दराने मंजुरी घेतलेली आणि काम न निघालेली कितीतरी अंदाजपत्रकं तेव्हा गोत्यात आली. सुधारित प्रशासकीय मान्यतेला फाइल मंत्रालयात गेली की ठेकेदार माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो. सळया गंजतात. पुन्हा काम सुरू करताना आधी त्या घासाव्या लागतात, आणि त्याचे पैसे कुठल्याच बाबीत नसतात.

तिसरं, पालिकेचा हिस्सा. नगरोत्थान, म्हणजे शहरांतल्या कामांना पैसे देणारी राज्याची योजना, तशा योजनेत शंभर टक्के रक्कम शासन देत नाही. पालिका जितकी लहान तितका तिचा हिस्सा कमी, पण तो स्वनिधीतून भरावा लागतो आणि तेवढ्यासाठी दुसरीकडे हात आखडतात. बहुधा गटार सफाईत.

जागा कुठली धरली आहे? त्यावर बरंच अवलंबून आहे.

नदीवेस

काका, जुन्या बाजारपटांगणाची. पालिकेच्याच मालकीची आहे. विकास आराखड्यात वरच्या वसाहतीत प्रशासकीय इमारतीसाठी एक आरक्षण आहे, पण ती जमीन खासगी आहे आणि अजून घेतलेली नाही.

जुना ओव्हरसिअर

मग आरक्षण कधीचं ते पाहा. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. लहान पालिकांच्या किती शाळा, बागा, दवाखाने असे कागदावरच गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. घ्यायची म्हटलं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोजावे लागतात. मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क द्यावा, तर तो विकत घेणारा बिल्डर तुमच्या गावात हवा. पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे, तालुक्याच्या गावाला क्वचितच.

म्हणून पालिका आपल्या मालकीच्या जागेकडे वळते. ते समजण्यासारखं आहे. पण नदीकाठ असेल तर जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी ते लालच्या मधे जोतं लाल रेषेच्या वर घेऊन करता येतं. मग भराव आणि उंच जोतं यांचा खर्च फुकट मिळालेल्या जागेत धरायला हवा.

झांजपथक

मी हौशी रंगभूमीवर तीसएक वर्षं आहे. नाट्यगृहाबद्दल बोलतो, कारण ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं: झाडायला माणूस मिळाला नाही.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ मध्ये बांधून घेतलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही पहाटे तिथे उभे होतो. ओल्या राखेचा वास येत होता आणि शेजारचा माणूस त्याच्या पहिल्या प्रयोगाची तारीख सांगत होता. अशी वास्तू गावाला हवी का, हा प्रश्न आमच्यासाठी नाहीच. हवीच.

पण सातशे खुर्च्या आणि पूर्ण वातानुकूलन कुणी मागितलं? आमच्या स्पर्धेच्या प्रयोगाला दोनशे-अडीचशे माणसं आली तर आम्ही खूश असतो. एवढ्या मोठ्या यंत्रणेला उच्चदाबाची वीजजोडणी लागते आणि तिचा मागणी आकार प्रयोग असो वा नसो दर महिन्याला लागतो. पावसाळ्यात दोन महिने तारखा रिकाम्या, बिल चालू. मग पालिका भाडं वाढवते. भाडं वाढलं की नाटकवाला जातो आणि लग्नाचा स्वागत समारंभ येतो. रंगमंचावर भटारखान्याची भांडी ठेवलेली मी पाहिली आहेत, तेलाचे डाग फळ्यांत मुरलेले.

माझी मागणी लिहून घ्या. तीनशे खुर्च्या, उंच छत, चांगली हवा, मजबूत फळ्या, दोन मेकअप रूम, बायकांसाठी वेगळं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि तालमीची एक खोली जी रोज संध्याकाळी शंभर रुपयांत मिळेल. ती खोली रोज उघडली तर इमारत जिवंत राहते.

गाळा क्र. ९

मी व्यापारी संकुलातला गाळेधारक. नेहमी सुचवलं जातं की खाली गाळे काढा, त्यांच्या भाड्यावर वरची इमारत चालेल. आमच्या संकुलात अनामत भरपूर घेतली गेली, ती बांधकामातच संपली. भाडं वर्षानुवर्षं जुन्याच दराने. वाढवायला गेले की आम्ही कोर्टात, हे मी मान्य करतो. पालिकेची मालमत्ता भाड्याने द्यायची तर १९६५ च्या नगरपालिका कायद्याचं कलम ९२ आहे, लिलाव, मुदत, परवानगी सगळं आलं. ते नीट केलं नाही तर गाळे उत्पन्न देत नाहीत, खटले देतात. आणि छत गळलं तर दुरुस्ती कुणी करायची याची ओळ करारात नव्हती. दरवर्षी जूनमध्ये मी स्वतःच्या खर्चाने ताडपत्री टाकतो.

वहीखातं

मी काही नगरपालिकांच्या लेखापरीक्षणाचं काम केलं आहे. पैशाची बाजू मांडतो.

१९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. ती रोजची रोकड होती. तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं, त्यातून मुख्यतः पगार भागतात. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बांधकाम परवान्याचं शुल्क. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. निवडणूक जवळ असली की ती पुढे ढकलली जाते आणि चारची सहा-सात वर्षं होतात. नव्या वसाहतीतले मजले नोंदीतच येत नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाकडून २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांना जो निधी आला त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. तो पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. म्हणजे नाट्यगृहाच्या चौकीदाराचा पगार त्यातूनही नाही. शासनाचा निधी बांधकामाला, आयोगाचा पाण्याला, आणि चौकीदार घरपट्टीवर. हे एकदा डोक्यात बसलं की कुलपं का लागतात ते कळतं.

कर्जाचं म्हणाल, तर अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये शंभर कोटींचे रोखे (लोकांकडून कर्ज घेण्याचे कागद) काढले, पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटींचे. ब वर्ग पालिकेला एकटीने ते जमणार नाही. पतमानांकन आणि रोखे काढण्याचा खर्चच झेपत नाही. तमिळनाडूत लहान पालिकांनी एकत्र येऊन राज्याच्या एका निधीमार्फत रोखे काढले, तेही पाणी आणि मलनिस्सारणासाठी, जिथे महिन्याची पट्टी जमा होते. नाट्यगृहावर कर्ज फेडायचं कशातून?

माझा आग्रह एकाच कागदाचा आहे. ठरावाला जोडून एक पान: वर्षाचं वीजबिल, चौकीदार (तीन पाळ्या म्हणजे सुट्ट्या धरून चार माणसं), सफाई, लिफ्ट आणि जनरेटरची देखभाल, विमा, दर पाच वर्षांनी रंग, आणि २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र. समोरच्या रकान्यात हे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार. बेरीज जुळत नसेल तर इमारत लहान करा. एवढं एक पान मी आजवर एकाही फाइलमध्ये पाहिलेलं नाही.

वेशीबाहेर

माझं मत वेगळं आहे आणि ते थोडं रागाने लिहितोय, समजून घ्या.

मुंबई महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली, मंजूर रकमेच्या आत. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सने तो घुमट उभारला तेव्हा कुणी विचारलं नाही की घुमटाचं वार्षिक उत्पन्न किती. मोठ्या शहरांना वैभव हक्काने मिळतं आणि लहान गावाने काही मागितलं की लगेच चौकीदाराचा पगार निघतो. आमच्या मुली वातानुकूलित सभागृह बघायला पुण्याला जायच्या का? माझी बहीण नृत्य शिकवते. वार्षिक कार्यक्रम मंगल कार्यालयात करते, खांबाआडून निम्म्या पालकांना दिसत नाही. हिशेबाच्या नावाखाली आम्हाला कायम कमीत भागवायला शिकवू नका.

वहीखातं

दादा, तुमचं दुःख खोटं नाही. पण तुम्ही म्हणता ती मुंबईची इमारत आजही रोज वापरात आहे, कारण तिच्यामागे तिला पोसणारी महापालिका आहे. तुमच्या बहिणीला कार्यक्रमाच्या दिवशी दिवे लागलेलं सभागृह हवं आहे. मी त्याच दिव्यांचं बिल लिहायला सांगतोय.

वेशीबाहेर

हे मान्य. तीनशेचं चालेल, पण खांब नको.

सांजवात

मी पालिकेत कंत्राटी लिपिक आहे, म्हणून जपून लिहिते. वास्तू मोठी की लहान हा तुमचा वाद चालू दे, पण आत काम करणाऱ्यांना आणि रांगेत उभ्या राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही. आमच्याकडे बायकांचं स्वच्छतागृह मागच्या बोळात आहे, किल्ली शिपाईमामांकडे. मार्चमध्ये घरपट्टीची रांग जिन्यापर्यंत जाते, म्हातारी माणसं सागवानी पायऱ्यांवर बसून असतात. दिव्यांगांचा दाखला वरच्या मजल्यावर मिळतो. नव्या नकाशात मोठी दालनं आहेत, पदाधिकाऱ्यांची, सभापतींची, अभ्यागतकक्ष. लोकांची कामं घेणाऱ्या खिडक्या किती? मी मोजल्या. आता चार आहेत, नव्यातही चारच.

मळेवाडी ते टेक्सास

मी डॅलसजवळच्या एका लहान शहरात राहते. इथे शहराला ग्रंथालय किंवा अग्निशमन केंद्र बांधायचं असेल तर बहुधा मे किंवा नोव्हेंबरमध्ये मतदान होतं: शहराने इतक्या रकमेचे रोखे काढावेत का, हो की नाही. फेड मालमत्ता करातून, साधारण वीस वर्षं. मतदानाआधी घराच्या किमतीवर कर किती वाढेल याचा कागद येतो. आमच्या गल्लीत लोक तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बसतात आणि भांडतात.

पण सगळं आलबेल नाही. रोख्यांचा पैसा बांधकामापुरता असतो, पगाराला नाही. आमच्याकडे ग्रंथालय मंजूर झालं, देखणं झालं, आणि पहिली दोन वर्षं कर्मचारी कमी म्हणून रविवारी बंद राहिलं. नोकरी करणाऱ्यांना रविवारच मोकळा. म्हणजे नदीवेसताईंचा प्रश्न इथेही आहे. फरक इतकाच की बांधणाऱ्यालाच कर भरायचा असल्यामुळे तो आधी विचारला जातो. निधी मुंबईहून येतो तेव्हा तो आपला वाटत नाही, आणि मग कुणी बिल मागत नाही.

जुना ओव्हरसिअर

एक राहिलं. जुनी दगडी इमारत पाडायची असं ठरलंय का? घाई करू देऊ नका. सोलापूरची महापालिका इंद्रभुवनात आहे, वारदांनी बांधलेली ती वास्तू अजून शहराची ओळख आहे. सागवानी जिना एकदा मोडीत गेला की त्या लाकडाची किंमत भंगारवाल्यालाच कळते. तज्ज्ञाकडून संरचनात्मक तपासणी करून घ्या. वरच्या सभागृहात झांजपथकरावांची तालीम बसू शकेल.

झांजपथक

काका, त्या सभागृहात आवाज काय सुंदर घुमतो ते मला विचारा. शाळेत असताना तिथे वक्तृत्व स्पर्धा व्हायच्या.

नदीवेस

सगळ्यांचे आभार. माहिती अधिकारात फाइल पाहण्याचा अर्ज दिला होता, आज वेळ मिळाली. सांजवात, तुझं नाव कुठेही घेतलं नाही, काळजी करू नकोस.

प्रशासकीय इमारतीच्या प्रस्तावात देखभाल-दुरुस्तीचा रकाना आहे. त्यात दोनच शब्द आहेत: 'नगरपरिषद स्वनिधीतून'. आकडा नाही. नाट्यगृहाच्या प्रस्तावात तो रकानाच नाही. वहीखातं, तुमच्या त्या एका पानाचा नमुना करून आम्ही नगराध्यक्षांना आणि मुख्याधिकाऱ्यांना देतोय, पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून. भाजीवाल्याही येणार आहेत. मंडई बांधताना ओट्याची उंची कुणी विचारली नव्हती, असं त्यांच्यातल्या एकीने सांगितलं. टोपली डोक्यावरून उतरवून ठेवायला ओटा छातीपर्यंत येतो.

आणि एक गोष्ट, जी पाहून मी तिथेच खुर्चीत बसले. जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे, लालच्या आत. नव्या नकाशात दप्तरखाना तळमजल्यावर आहे, जिन्याखाली.

जुना ओव्हरसिअर

उद्याच अर्ज द्या. तांत्रिक मान्यता अजून झालेली नाही ना? मग हा बदल कागदावर रबराने होतो. अर्जात दोन वाक्यं घाला: दप्तरखाना पहिल्या मजल्यावर घ्यावा, आणि तिथला स्लॅब दप्तराच्या वजनाला धरून डिझाइन करावा, नेहमीच्या कचेरीच्या खोलीला नव्हे. बस्त्यांचं वजन फार असतं. हे दुसरं वाक्य विसरलात तर मंजुरीच्या वेळी कुणीतरी 'स्लॅबला झेपणार नाही' म्हणून सगळं पुन्हा खाली आणेल.

सांजवात

ताई, अर्जात खिडक्यांचंही घाला. आठ तरी.

नदीवेस

घातलं. दप्तरखाना वर, स्लॅब वजनाला धरून, खिडक्या आठ, बायकांचं स्वच्छतागृह दर्शनी बाजूला आणि किल्लीशिवाय. उद्या सकाळी साडेदहाला आवक-जावक खिडकीवर देते आणि पोच घेते.